संकटकाळातील परराष्ट्रधर्म

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बदनापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्षीच्या व्याख्यानासाठी मंडळाने परराष्ट्रधोरणासारखा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, वधुवरांची नोंदणी, वसतिगृहाचा निधी हे आपले नित्याचे विषय. बदनापूरच्या बाजारात तुरीला काय भाव निघाला याची चिंता वाहणाऱ्याने राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात का डोके घालावे? परंतु थोडा विचार केल्यास असे दिसून येईल की, मंडळापुढे दरसाल उभा राहणारा प्रश्नच मोठ्या रूपाने राष्ट्रांपुढेही उभा राहतो. निधी तुटपुंजा, गरजू अनेक. तेव्हा आधी कोणास द्यावे, किती द्यावे आणि देताना कोणती अट घालावी?

प्रथम आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. १९३९ साली जर्मनी व रशिया या दोघांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसे सैबेरियात व मध्य आशियात हद्दपार झाली. १९४१ नंतर त्यांतील काहींची सुटका झाली, आणि इराणच्या मार्गाने फिरत फिरत हजारो स्त्रिया, मुले व वृद्ध हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले. नवानगरच्या जामसाहेबांनी १९४२ साली बालाचडी येथे शेकडो अनाथ मुलांना आश्रय दिला. पुढील वर्षी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली. तीत सुमारे ५,००० पोलिश माणसे १९४८ पर्यंत राहिली. त्यांच्या शाळा, त्यांचे देऊळ, त्यांचा दवाखाना, सारे पंचगंगेच्या खोऱ्यात वसले.

येथे एक गोष्ट सत्याला धरून सांगितली पाहिजे. छावणीचा निर्णय ब्रिटिश सरकारचा होता आणि खर्चाचा भार मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारने उचलला. कोल्हापूरच्या रयतेला कोणी विचारले नव्हते. शिवाय १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. त्यात सुमारे ३० लाख माणसे दगावली असे मानले जाते. स्वतःची प्रजा उपाशी मरत असता परक्यांना आसरा का, असे म्हणण्यास त्या वेळी पुरेपूर जागा होती. तरीही आसपासच्या लोकांनी त्या निर्वासितांना माणसासारखे वागविले, आणि ही आठवण पोलंड विसरला नाही. कोल्हापुरात त्यांचे स्मारक आहे. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलांना पोलंडने व्हिसावाचून सीमा ओलांडू दिली. वळिवड्याची ही परतफेडच होय, असे मी म्हणणार नाही. शेजारधर्म हा काही सावकारी व्यवहार नव्हे. परंतु माणुसकीची आठवण राष्ट्रेही जपतात, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आता घेणाऱ्याची बाजू पाहू. आपल्या वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आणि परदेशातून आलेला लाल मिलो आजही आठवतो. त्यापूर्वी १९६५ व १९६६ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला, तेव्हा अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतील गव्हावर देशाचा निर्वाह चालला होता. तो गहू मिळाला म्हणून असंख्य जीव वाचले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच काळात गव्हाची जहाजे थोडी थोडी करून सोडण्याचे धोरण ठेवले. आपल्या शेतीधोरणात बदल व्हावा हा त्यांचा एक हेतू होता. व्हिएतनामच्या युद्धावर भारताने केलेली टीकाही त्यांना रुचलेली नव्हती. उपाशी माणसाच्या ताटाला दोरी बांधून ती आपल्या हाती ठेवणे, याला दान म्हणता येत नाही.

याउलट, १९६६ साली मेक्सिकोहून आपण १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे विकत आणले. धान्य आले ते खाऊन संपले. बियाणे आले ते वाढत गेले. बियाण्याचे मोल जालना जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात बियाण्यांचा उद्योग सुरू केला आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याला पुन्हा हात पसरावा लागू नये, अशी जी मदत तीच उत्तम मदत.

तिसरे उदाहरण आपण सर्वांनी भोगलेले आहे. कोरोनाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होऊ लागली. १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्याकडे लसीकरण सुरू झाले आणि चारच दिवसांनी भूतान व मालदीव यांना लस रवाना झाली. मार्चअखेरपर्यंत सहा कोटींहून अधिक मात्रा परदेशी गेल्या. काही भेट म्हणून, काही विकत, तर काही कोव्हॅक्स या जागतिक योजनेतून. मग दुसरी लाट आली. मराठवाड्यातल्या गावोगावी माणसे प्राणवायूसाठी तडफडली आणि निर्यात थांबली. वर्षअखेरीस ती पुन्हा सुरू झाली खरी. पण मधल्या महिन्यांत पुण्याच्या लसीवर विसंबलेली आफ्रिकेतील राष्ट्रे ताटकळत राहिली.

यात अधर्म कोणता झाला? आधी दिली हा की मग थांबविली हा? माझ्या मते दोन्ही नव्हेत. घराला आग लागली असता घरचे पाणी घरीच वापरावे लागते. दोष आहे तो पेलणार नाही इतके वचन देण्यात, आणि त्याहून मोठा दोष आपल्या गरजेच्या कित्येक पट मात्रा आधीच राखून ठेवणाऱ्या श्रीमंत राष्ट्रांचा. भारत व दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेपुढे पेटंटची अट शिथिल करण्याची मागणी मांडली होती. तिला जून २०२२ मध्ये, तेही अर्धेमुर्धे, यश आले. तोवर किती चिता विझल्या! त्याच मे २०२१ मध्ये केनियाने महाराष्ट्रासाठी १२ टन चहा, कॉफी आणि भुईमुगाचे दाणे पाठविले. काहींनी त्याची थट्टा केली. ज्यांच्या वाट्याची लस अडली होती त्या खंडातून आलेले हे दाणे थट्टेचे नव्हते. ते मान खाली घालून स्वीकारण्याजोगे होते.

अखेरीस आपल्या तुरीकडे वळतो. बदनापूरच्या कृषि संशोधन केंद्राने बी. डी. एन. ७११ सारखे वाण दिले, तरी देशाची भूक भागत नाही. म्हणून २०१६ साली भारताने मोझांबिकशी तूरखरेदीचा करार केला. त्याच हंगामात आपल्याकडे अमाप पीक आले, भाव गडगडले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर २ लाख टनांची मर्यादा घातली गेली. करारातील माल वगळला होता, तरी पूर्व आफ्रिकेत तुरीचे भाव कोसळले. पुढे २०२१ साली टंचाई येताच आयात पुन्हा खुली झाली. म्हणजे एकदा तिकडचा शेतकरी बुडाला, एकदा इकडच्याच्या पोटात गोळा आला. दोघेही कोरडवाहू, आणि दोघांचीही तक्रार एकच: उद्या काय होईल ते कोणी आज सांगत नाही.

या सर्वांवरून मला चार गोष्टी निष्पन्न होताना दिसतात. आपल्या माणसांचा जीव आधी, पण आपली चैन दुसऱ्याच्या जिवाआधी नाही. वचन मोजून द्यावे आणि दिलेले पाळावे. मदतीला दोरी बांधू नये. आणि घेतलेले विसरू नये.

परराष्ट्रधोरण दिल्लीत ठरते, हे खरे. परंतु लोकशाहीत दिल्लीचे मन गावोगावच्या मनांचेच बनलेले असते. ज्ञातिसंस्था हे परस्परसाह्याचे आपले पहिले वर्तुळ; ते शेवटचे ठरू नये. ज्याला आपल्या गल्लीपलीकडचा माणूस दिसत नाही, तो सरकारकडे समुद्रापलीकडच्या माणसासाठी न्याय कसा मागणार? आपल्या निधीतून पुढील शिष्यवृत्ती देताना एखादे नाव ज्ञातीबाहेरच्या गरजू मुलाचेही असावे, एवढी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवतो.