मृत्युदर कुणाचा, निर्बंध कुणावर?

(एकल महिलांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय 'महामारीतले मृत्युदर आणि सरकारी निर्बंध'. मघाशी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं, की आता हे कशाला उकरून काढायचं? कोरोना गेला, मास्क गेले, लोक कामाला लागले. खरं आहे. पण तुम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करता तिथे पाहा. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरात ते वर्ष अजून संपलेलं नाही. आणि पुढची साथ कधीतरी येणारच आहे. तेव्हा हाच वाद पुन्हा होईल आणि आपल्याला घाईघाईनं कुणाच्या तरी मागे उभं राहावं लागेल. साथ दारात आल्यावर बैठक घ्यायला कुणी जमूसुद्धा देत नाही, म्हणून आत्ताच बोलू.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलंय, डॉक्टर नाही. आकडेवारीचा मला पूर्वी कंटाळा यायचा. एका बाईनं मला आकडे वाचायला लावले. तिचं नाव सांगत नाही. नवरा टेम्पो चालवायचा. एप्रिल २०२१ मध्ये त्याला ताप आला, धाप लागली. एका खाजगी रुग्णालयात जेमतेम खाट मिळाली. आरटीपीसीआर निगेटिव्ह आली, सिटी स्कॅनचा स्कोअर मात्र खूप वाढलेला. आठव्या दिवशी तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं न्यूमोनिया. तिनं त्या वेळी दाखला वाचलाच नाही. कोण वाचतं हो त्या वेळी?

सहा महिन्यांनी त्या एका शब्दाची किंमत कळली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे कोविडनं मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत जाहीर झाली. ही अर्ज करायला गेली तर उत्तर मिळालं, तुमचा माणूस कोविडनं गेलेलाच नाही. वास्तविक दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणानं मदत नाकारता येणार नाही, असं न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्येच स्पष्ट केलं होतं. चाचणी नसली तरी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लक्षणांवरून केलेलं निदान चालणार होतं, आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात समिती नेमायची होती. पण हे खिडकीवरच्या माणसाला कोण सांगणार? आम्ही कागद जमवले, समितीपुढे गेलो, चार खेपा झाल्या. अखेर मंजूर झालं. तेव्हा समजलं की दिरानं सासऱ्यांच्या नावानं आधीच दुसरा अर्ज भरून ठेवलाय. ती भानगड निस्तरायला आणखी दोन महिने गेले.

तर त्या दिवसात मला प्रश्न पडला, की हा माणूस त्या वेळच्या मृत्युदरात होता का? नव्हता. टीव्हीवर रोज संध्याकाळी जो आकडा यायचा, त्यात तो नव्हता. अर्ज मंजूर झाला म्हणजे सरकारच्या एका खात्यानं त्याला कोविडचा बळी मानलं, दुसऱ्या खात्याच्या यादीत मात्र त्याची नोंद नव्हती.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, भिशीच्या हिशोबापेक्षा सोपं आहे. दर म्हणजे भागाकार. वर मेलेली माणसं, खाली आजारी पडलेली माणसं. पण खाली कोण धरायचं? चाचणी होऊन पॉझिटिव्ह आले तेवढेच धरले तर एक दर येतो. ज्यांना लागण झाली ते सगळे, म्हणजे ज्यांना कळलंसुद्धा नाही तेही धरले, तर दर एकदम खाली येतो. जुलै २०२०मध्ये मुंबईत तीन विभागांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आढळली, इमारतींमध्ये १६ टक्के. त्यावरून मृत्युदर काढला तो हजारी एक किंवा त्याहूनही कमी. लगेच म्हणणारे म्हणू लागले, बघा, हजारात एक! एवढ्यासाठी देश बंद केला?

हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आपल्याकडे तरुण लोकसंख्या जास्त, म्हणून इटलीइतका दर इथे येणार नव्हता हे खरंच. पण दोन गोष्टी त्यात सुटल्या. एक म्हणजे, १३० कोटींच्या देशात हजारी एक म्हणजे १३ लाख माणसं होतात. दुसरी जास्त महत्त्वाची. खालचा आकडा रक्त तपासून दुरुस्त केला, वरचा कुणी तपासला? घरीच मेलेली, चाचणी न झालेली, गावी जाऊन मेलेली माणसं वरच्या आकड्यात आली का?

ती आली नव्हती, हे पुढे हळूहळू बाहेर पडलं. गुजरातमध्ये सरकारी नोंदीप्रमाणे कोविडचे मृत्यू सुमारे १० हजार. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात माहिती आली की मदतीसाठी अर्ज आलेत ८९ हजारांवर, आणि त्यातले ६८ हजारांवर मंजूरही झालेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा ४७ लाख मृत्यू जास्त झाल्याचा अंदाज दिला. सरकारी आकडा तेव्हा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होता. सरकारनं ती पद्धतच अमान्य केली. मग मे २०२५ मध्ये सरकारच्याच नोंदणी खात्याचे २०२१चे आकडे आले. २०२०मध्ये ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली होती, २०२१मध्ये १ कोटी २ लाखांची. एका वर्षात २१ लाखांनी वाढ, आणि त्या वर्षातले अधिकृत कोविड मृत्यू साडेतीन लाखांच्याही आत. सगळीच वाढ कोरोनानं झाली असं मी म्हणणार नाही. नोंदणी सुधारली असेल, दुसरे आजार उपचाराविना राहिले असतील. पण एवढी तफावत नुसत्या नोंदणीच्या सुधारणेवर ढकलता येत नाही.

आता बाईकडे येऊ. सुरुवातीपासून सांगितलं जायचं, कोरोनानं पुरुष जास्त मरतात. सरकारी आकड्यांत २०२०च्या जुलैपर्यंतच्या मृतांमध्ये दोन तृतीयांशाहून जास्त पुरुष होते. जगभर पुरुषांना धोका थोडा जास्त दिसला, ते नाकारायचं कारण नाही. पण मुंबईच्या त्याच सर्वेक्षणात लागण बायकांमध्ये किंचित जास्त निघाली होती. म्हणजे आजार घरात आला तो तिलाही झाला. चाचणीला नेलं कुणाला? रुग्णालयात खाटेसाठी दागिना मोडला कुणासाठी? माझ्या वस्तीत मी त्यासाठी मंगळसूत्रं गहाण पडलेली पाहिली, आणि ज्या बाईचं मंगळसूत्र तिच्यासाठी मात्र काढा आणि वाफ.

नोंदणीचे आकडेही हेच सांगतात. २०२०मध्ये देशात जेवढे मृत्यू नोंदले गेले त्यात सुमारे ६० टक्के पुरुष आणि ४० टक्के स्त्रिया होत्या. बाई अमर असते का? तिचा मृत्यू नोंदवला जात नाही. डॉक्टरनं कारण लिहून दिलेले मृत्यू घेतले तर बायकांचं प्रमाण आणखी खाली येतं. माणूस मेल्यावर दाखला कशासाठी काढतात? सातबाऱ्यावरचं नाव बदलायला, विम्यासाठी, पेन्शनसाठी, बँकेतले पैसे काढायला. जिच्या नावावर जमीन नाही, खातं नाही, तिचा दाखला काढायला तालुक्याला कोण हेलपाटे घालणार?

म्हणून मृत्युदराचा आकडा समोर आला की आपण आधी विचारायचं, वरच्या रकान्यात बाया किती आणि त्या कुठे मेल्या.

निर्बंधांचं बोलू. आपल्या महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. २०२०च्या मार्चमध्ये सरकारनं जो साथरोग कायदा लावला, तो १८९७चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. पुण्यात रँडसाहेबाचे गोरे सोजीर घरात घुसून झडती घ्यायचे, सामान रस्त्यावर आणायचे, माणसांना छावणीत न्यायचे. २२ जून १८९७ला रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास शाळेत शिकवतात. त्या वेळच्या पुरुष पुढाऱ्यांचा संताप खरा होता, पण त्यांच्या तोंडी मुख्यतः आमच्या घराची अब्रू, आमचं देवघर, आमचं स्वयंपाकघर. छावणीत नेलेल्या बाईचं तिथे काय होतं, तिच्या सुरक्षिततेचं काय, हे वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून विचारलं पंडिता रमाबाईंनी. आणि सावित्रीबाई? त्या मुलगा यशवंतबरोबर पुण्याबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत होत्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. रोग्याला वेगळं ठेवावं लागतं हे त्यांना कळत होतं. म्हणूनच वेगळं ठेवलेल्याला हात लावायला माणूस लागतो, हेही त्या जाणत होत्या.

२०२०ला काय झालं? २४ मार्चला रात्री आठला घोषणा, मध्यरात्रीपासून देश बंद. चार तास. आपण पोरीच्या लग्नाची तयारीसुद्धा चार तासांत करत नाही. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते कोरोनानं मेले नाहीत, निर्बंधांनी मेले, म्हणून ते कुठल्याच मृत्युदरात नाहीत. क्षयाचे रुग्ण पाहा. २०१९मध्ये देशात २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२०मध्ये १८ लाखांची. सहा लाख माणसांचा क्षय एका वर्षात बरा झाला काय? दवाखानेच कोविडला दिले होते, गाड्या बंद होत्या. बाळंतपणाच्या कळा घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात फिरवलेल्या बाया तुमच्या सगळ्यांच्या माहितीत आहेत.

निर्बंध कुणावर जास्त बसले ते क्रमावरून कळतं. दारूची दुकानं उघडायला मे २०२० पुरला. पहिली ते चौथीचे वर्ग भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात आठवी-नववीतल्या किती मुली बोहल्यावर चढल्या, ते त्यांच्या शिक्षिकांना विचारा. सोसायट्यांनी घरकामवाल्यांना फाटकाबाहेर ठेवलं, पगार मात्र बहुतेकींनी दिला नाही. मारणारा नवरा आणि बाई एका खोलीत, आणि हेल्पलाइनचा नंबर लावायचा तो फोनही त्याच्याच खिशात.

आणि हे निर्बंध अमलात कुणी आणले? आशाताईंनी. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा दारोदार ताप मोजत, ऑक्सिजन मोजत फिरल्या. लोकांच्या शिव्याही त्यांनीच खाल्ल्या, कारण सरकार म्हणून दारात उभी दिसायची ती एकटी तीच. केंद्राकडून त्याचे महिन्याला हजार रुपये. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला.

हे ऐकून काही जणी म्हणतील, म्हणजे तू निर्बंधांच्या विरोधात. मी नाही. एप्रिल २०२१ मध्ये स्मशानात नंबर लागलेले मी पाहिलेत. त्या महिन्यात गर्दी आणखी आधी थांबवली असती तर आमच्या वस्तीतली काही माणसं आज असती, असं मला वाटतं. धारावीतही निर्बंध होतेच. पण तिथे सार्वजनिक संडास पुन्हा पुन्हा धुतले, शाळांमध्ये विलगीकरणाची सोय केली, जेवणाची पाकिटं पोचवली. दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाला नुसतं 'घरात राहा' म्हणून भागत नाही, हे तिथे काम करणाऱ्यांना लवकर कळलं. तेव्हा 'लॉकडाउन हवा की नको' या वादात आपण हात वर करायला जाऊ नये. रेशन आधी की कुलूप आधी, प्रसूतीचा वॉर्ड चालू राहणार की नाही, शाळा कधी उघडणार, आशाला किती देणार, ही आपली यादी. ती मान्य करून घ्यायची आणि मग निर्बंध पाळायचे आणि पाळायला लावायचेही.

शेवटी आमच्या एका कामाचं सांगते. मदतीच्या अर्जांसाठी आम्ही वस्तीत घरोघर फिरून २०२०-२१मध्ये कोण गेलं त्याची यादी करत होतो. एका दारात सुनेला विचारलं, "ताई, तुमच्याकडे कोरोनात कोणी गेलं का?" ती म्हणाली, "नाही बाई, देवाची कृपा." आम्ही पुढच्या दाराकडे वळलो. मागून तिची दहा-बारा वर्षांची पोर म्हणाली, "आजी नाही का गेली?" सून म्हणाली, "अगं, ती वयानं गेली." वय विचारलं तर बासष्ट. ताप होता का? होता. धाप? होती, चार दिवस. दवाखान्यात? नाही, घरातले दोघे पुरुष आधीच रुग्णालयात होते, तिच्याकडे बघायला कोण होतं. दाखला? काढलाच नाही, कशाला लागणार होता?

त्या दिवसापासून आम्ही प्रश्न बदलला. आता आम्ही विचारतो, २०१९ला या घरात कोण कोण होतं? एकेक नाव सांगा. आणि मग विचारतो, आता त्या कुठे आहेत.