'थोडे' आणि 'थोडेच'

(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपली मुले इंग्रजीच्या मोठ्या शब्दांना भितात, पण फसतात ती लहान शब्दांपाशी. आज मी फक्त कमी-जास्त दाखविणाऱ्या शब्दांविषयी बोलणार आहे.

समजा, नोकरीच्या अर्जात तुम्ही 'आय हॅव लिटल एक्स्पीरिअन्स' असे लिहिले. वाचणारा साहेब समजेल की तुम्हाला अनुभव जवळजवळ नाहीच. तेच 'अ लिटल' लिहिले, तर थोडाफार अनुभव आहे, असा अर्थ होतो. एका अक्षराने अर्ज बाजूला पडू शकतो! 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतही हाच फरक आहे. हे आपल्याला परके नाही. 'सभेला थोडी माणसे आली' आणि 'सभेला थोडीच माणसे आली', ही वाक्ये आपण सारखी मानतो काय? मराठीत जे काम 'च' करतो, तेच इंग्रजीत 'अ' गाळल्याने होते. मात्र 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट. मोजता येतात त्यांना 'मेनी' आणि 'फ्यू'. मोजता येत नाहीत त्यांना 'मच' आणि 'लिटल'. पुस्तके मेनी, पाणी मच. पैसे आपण मोजतो, तरी 'मेनी मनी' चूक आहे. रुपये मेनी, मनी मच. 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस' आणि 'फर्निचर' हेही 'मच'च्याच घरातले.

आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी मोठ्या आकड्यांचीही काळजी घ्यावी. 1 मिलियन म्हणजे 10 लाख आणि 1 बिलियन म्हणजे 100 कोटी. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष असे. 1974 साली तेथील सरकारने आपल्या आकडेवारीसाठी 100 कोटींचा अर्थ स्वीकारला. म्हणून जुनी इंग्रजी पुस्तके वाचताना सावध राहावे.

पालकहो, इंग्रजी येत नसले तरी आपण मदत करू शकता. रोज रात्री मुलाला घरातल्या पाच वस्तू दाखवा आणि विचारा, 'मेनी की मच?' तांदूळ, चमचे, दूध, वह्या, मीठ. उत्तर त्याला शोधू द्या. आपल्याजवळ वेळ थोडाच असेल, पण थोडा आहे ना? तेवढा मुलांना द्या. अल्लाह त्यांच्या इल्ममध्ये बरकत देवो.