रविवारची सुट्टी आणि नारायण मेघाजी लोखंडे



रविवारची सुट्टी ही आभाळातून पडलेली गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरणीकामगारांनी ती मागून, भांडून घेतली, आणि त्या मागणीला वाचा फोडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

लोखंडे १८४८ साली जन्मले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. गिरणीत नोकरी केलेली असल्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. कृष्णराव भालेकरांनी काढलेले 'दीनबंधु' पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईत चालविले. त्या काळी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाच्या ठरलेल्या वेळा, महिन्याच्या १५ तारखेच्या आत मागला पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार. यांत अवाजवी असे काय होते?

आम्ही युनियनची माणसे. आमचा जीव पावतीपुस्तकात. परंतु लोखंड्यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला ना सभासदांची यादी होती, ना फंड, ना नियम. कामगार संघटनांचा कायदा आला तो १९२६ साली. मग त्यांच्या हाती होते काय? एक पत्र, सह्यांचे कागद आणि लोकांचा विश्वास. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत त्यांनी बोलाविलेल्या सभेला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने सुट्टीची मागणी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी पक्की केली.

पुढे मुंबईत प्लेग आला. लोखंडे रोग्यांच्या सेवेत राहिले आणि १८९७ च्या फेब्रुवारीत त्याच रोगाने गेले.

आता हिशेब आपला. सोसायटीच्या फाटकावर बारा बारा तास उभा राहणारा रखवालदार, कंत्राटावरचा सफाईकामगार, घरपोच जेवण आणून देणारा पोरगा, यांच्यापैकी कितीजणांना भरपगारी रविवार मिळतो? सुट्टी घेतली की खाडा, आणि खाडा पडला की पगार कापला. कायद्याच्या पुस्तकात सुट्टी आहे, पण कित्येकांच्या चुलीपर्यंत ती पोचलेली नाही. अशा माणसाला 'तुमची वर्गणी कुठे आहे' असे प्रथम विचारणारी संघटना लोखंड्यांचे नाव घेण्याचा अधिकार गमावते. वर्गणी हवी, यादी हवी, त्यांवाचून लढा टिकत नाही. पण आधी त्याचे गाऱ्हाणे ऐका, त्याची सही घ्या. पावती मागाहून फाडता येईल.

लोखंड्यांचे नाव पुतळ्यापेक्षा अशा एका अर्जावर अधिक शोभेल. तो अर्ज लिहावयास आपल्यातील कोणीही बसू शकतो.