हळद कोणास बाधते?

रोह्याजवळच्या निडीकडील ताटांत भाताबरोबर वालाचें बिरडें आलें, कीं त्यांत हळद, जिरें, आमसूल हीं आलींच. बहुतेकांस तें उत्तम मानवतें. एखाद्याच्या अंगावर मात्र पित्त उठतें, नाक चोंदतें. अशा वेळीं सॅलिसिलेट या अ‍ॅस्पिरिनच्या कुळांतील फिनॉल-वर्गीय द्रव्याचा संशय घेतां येतो. त्यासाठीं खात्रीची रक्तपरीक्षा नाहीं.

१९८५ सालीं सिडनीच्या संशोधकांनीं अन्नांतील सॅलिसिलेट मोजलें. शंभर ग्रॅम हळदींत तें सुमारें ७६ मिलिग्रॅम, जिऱ्यांत ४५ भरलें. सोललेल्या बटाट्यांत मुळींच आढळलें नाहीं. अर्थात् हळद कोणी शंभर ग्रॅम खात नाहीं!

म्हणून परीक्षा ताटावरच करावी लागते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दोन ते चार आठवडे मसाले, चहा, मध, मनुका वर्ज्य करावींत. भात, दूध, मुगाचें वरण, केळें चालूं ठेवावें. बरें वाटल्यास एकेक जिन्नस परत घेऊन पाहावा. बाधणारा कोणता, हें तेव्हांच उमगतें. पुष्कळ घरीं हा उत्तरार्धच गाळला जातो, आणि वाढत्या मुलाचें ताट उगीचच वर्षानुवर्षें ओकेंबोकें राहतें. दमेकऱ्यास अ‍ॅस्पिरिन बाधत असेल, तर मात्र जिन्नस परत देण्याची ही परीक्षा घरीं करूंच नये.