घरातले प्लॅस्टिक : भंगारात जाणारे आणि न जाणारे



खरीप सुरू झाला की घरात खताच्या गोण्या, बियाण्याच्या पिशव्या, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या येतात. त्यात दुधाच्या पिशव्या आणि पोरांच्या खाऊची पाकिटे यांची भर. हे सारे भंगारवाला नेईल, अशी आपली समजूत. पण बघा, तो फुटकी बादली घेतो, ठिबकच्या जुन्या नळ्या घेतो. वेफरचे पाकीट मात्र तिथेच टाकून जातो. असे का?

प्लॅस्टिकच्याही जाती आहेत. कारखान्यात एकेक जात निवडून, धुऊन, बारीक करून वितळवतात आणि दाणे काढतात. चांगल्या कापसात कवडी मिसळली की भाव उतरतो ना, तसेच इथे. दोन जाती मिसळल्या की माल कच्चा निघतो. वेफरच्या पाकिटात तर प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात. ते सोडवणे परवडत नाही. पातळ पिशव्या किलोभर व्हायला शेकडो लागतात, वर माती लागलेली. मल्चिंग पेपरचे तेच. शिवाय दर वेळी वितळवताना प्लॅस्टिकची ताकद घटते. म्हणजे भंगारात दिले की प्रश्न मिटला, असे नाही.

मग जाळावे का? मुळीच नाही. चुलीत प्लॅस्टिक घातले तर विषारी धूर घरातल्या बायामुलांच्या छातीत जातो. पीव्हीसी पाइपचा धूर तर फारच वाईट. उकिरड्यावर टाकले तर शेणखताबरोबर शेतात जाते. तिथे ते कुजत नाही, नुसते तुकडे होतात. पैनगंगेचा उगम आपल्याच जिल्ह्यातला. नाल्यात टाकलेली पिशवी पुरात वाशीम, हिंगोलीकडे जाते. आणि शिळे अन्न पिशवीत गाठ मारून फेकले, तर गाय पिशवीसकट गिळते. पोटात गोळा साठतो, रवंथ मंदावतो, जनावर फुगते. कधी पोट फाडूनच तो काढावा लागतो.

तेव्हा एवढे करा :

१. विकले जाणारे प्लॅस्टिक धुऊन, वाळवून वेगळ्या गोणीत ठेवा.

२. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा. सुटा तुकडा कोणी वेचत नाही.

३. औषधाची बाटली तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता. बाटलीला भोके पाडा. ती घरात तेल-पाण्याला वापरू नका, घरच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळू नका. विल्हेवाट लेबलावर लिहिल्याप्रमाणे लावा.

४. पाकिटे एका गोणीत साठवा. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याच्या पातळीवर प्लॅस्टिक कचरा केंद्राची तरतूद आहे. आपल्या गावचा माल तिथे कसा जाणार, हे ग्रामसभेत विचारा.

५. बाजाराला कापडी पिशवी न्या. प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहेच.

घरात आलेच नाही, ते निस्तरावेही लागत नाही, बरं का.