टपरीपाशी थांबलेला पाय

धूम्रपान म्हटलं की आपण छातीवर हात ठेवतो. आज मात्र मी पायांबद्दल बोलणार आहे.

साठीचे एक गृहस्थ बाजाराला निघतात. दोनशे पावलांवर पोटरीत गोळा येतो, म्हणून पानाच्या टपरीपाशी थांबतात. दोन मिनिटांत दुखणं जातं. पुन्हा दोनशे पावलं, पुन्हा तेच. घरचे म्हणतात, वय झालं. पण दर वेळी तेवढ्याच अंतरावर दुखायचं आणि थांबलं की राहायचं, ही खूण वयाची नव्हे, पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची आहे. आणि थांबल्या थांबल्या हे गृहस्थ बिडी पेटवतात!

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही, सिगारेटचा फिल्टरही त्याला अडवत नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. एसटीत रुमाल टाकून जागा अडवावी, तसा. शिवाय उरलेला प्राणवायूही रक्त सहजी सोडत नाही. नेहमी ओढणाऱ्याच्या रक्तातलं पाच ते दहा टक्के हिमोग्लोबिन असं अडलेलं असू शकतं. धडधाकट पाय हे निभावून नेतो. जिथे मुळात रक्तच कमी पोचतं, तिथे ही तूट पोटरीला जाणवते. करोनात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं यंत्र इथे फसतं. अडलेलं हिमोग्लोबिनही ते प्राणवायूचंच समजतं आणि खुशाल ९८ दाखवतं.

मग रोहिणी अरुंद करणाराही हाच वायू का? डेन्मार्कच्या पोल आस्त्रुप यांनी सशांवरच्या प्रयोगांतून तसं मांडलं होतं. पुढे तिथेच, कोणत्या सशाला वायू दिला हे तपासणाऱ्याला न सांगता प्रयोग केले, तेव्हा १९७८ साली तो परिणाम आढळला नाही. तेव्हा सगळं खापर या एकट्यावर फोडू नये. रोहिणीची भिंत बिघडवायला धुरातले बाकीचे सोबती समर्थ आहेत, आणि मधुमेह असेल तर विचारूच नका.

तपासणी सोपी आहे. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा. दंडाला १४०, घोट्याला ८४, म्हणजे ०.६. हे उत्तर ०.९ किंवा त्याखाली आलं की रोहिणीत अडथळा आहे असं धरतात.

बिडी सोडली की हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, दीड-दोन दिवसांत जवळजवळ निघून जातो. रोहिणी काही अशी मोकळी होत नाही. पण दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असा व्यायाम डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेमाने केला, तर काही महिन्यांत अंतर वाढतं. म्हणजे आपल्या गृहस्थांचं थांबणं बरोबरच होतं, चूक होती ती काडी ओढण्यात.

मात्र रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडल्याशिवाय झोप येत नसेल, किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर चालण्याचे प्रयोग करू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि पाय अचानक गार, पांढराफटक पडून ठणकू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.