बोटाच्या टोकाशीं जुळलेली लिपि

डोळस माणसानें अंधांसाठीं योजिलेली सोय अंधांच्या उपयोगी पडेलच असें नाहीं. पॅरिसच्या अंधशाळेंत पूर्वीं नेहमींचींच अक्षरें कागदावर उठावानें छापीत. तीं डोळ्यांस सुबक दिसत. बोटांस मात्र उमगण्यास फार वेळ लागे. पुढें शार्ल बार्बिये ह्यांनीं बारा टिंबांची लिपि आणली; पण तिचें एक चिन्ह बोटाच्या टोकाखालीं एका वेळीं मावत नसे.

ही अडचण नेमकी ओळखली ती त्याच शाळेंतील अंध विद्यार्थी लुई ब्रेल ह्यानें. त्यानें टिंबें सहांवर आणलीं. सहा टिंबांच्या ६३ जुळण्या होतात. त्यांत अक्षरें, अंक, संगीत, सारें बसलें. १८२९ सालीं ही पद्धति प्रसिद्ध झाली. तरी शाळेनें ती अधिकृतपणें स्वीकारली १८५४ सालीं, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं!

भारतीय भाषांसाठीं समाईक ‘भारती ब्रेल’ १९५१ सालीं ठरली; मराठीही तींतच वाचली जाते. आज संगणकाला जोडलेल्या पट्टीवर हींच टिंबें वरखालीं होऊन मजकूर उमटवितात.

तेव्हां यंत्र असो वा इमारत, जे ती वापरणार त्यांस आरंभींच विचारावें. सोय झाली कीं नाहीं, ह्याचा निवाडा त्यांचाच.